घशाच्या कॅन्सरच्या गाठी आणि सार्वजनिक पैसा : एक खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली
सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार
समन्वयक, नॅशनल कॅन्सर ग्रिड, मुंबई

स. न. वि. वि.

मी कर्करोगावर काम करणारी संशोधक आहे आणि माझं बरंचसं काम उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी चालतं. घशाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या गाठीचा छोटासा तुकडा उंदराच्या कातडीखाली ठेवायचा, तो तिथे वाढला की त्यावर औषध किंवा रेडिएशन देऊन काय होतं ते मोजायचं, असं हे काम आहे. तुम्हा तिघांकडे माझं एकच मागणं आहे. अशा गाठींची एक सामायिक राष्ट्रीय पेढी सार्वजनिक पैशातून उभी करा, ती दहा-पंधरा वर्षं टिकेल अशी तजवीज करा, आणि तिच्यावर कोणते प्रश्न तपासायचे ते रुग्णांच्या गरजेवरून ठरवा.

पत्र खुलं आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही थोड्या सविस्तर लिहिते. ज्यांच्या गाठी आम्ही वापरतो त्यांच्या घरच्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये गाठ निघाली की निदानाला लागणारा भाग पॅथॉलॉजिस्ट आधी बाजूला काढतात. त्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. उरलेल्यातला, मधोमध कुजलेला भाग वगळून, कडेचा जिवंत तुकडा थंड द्रावात बुडवून बर्फावर ठेवतात आणि काही तासांच्या आत अ‍ॅनिमल हाउसमध्ये पोहोचवतात. तिथे त्याचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे. भूल दिलेल्या उंदराच्या कुशीवर बारीक छेद घ्यायचा, कातडीखाली खिसा करायचा, तुकडा आत सरकवायचा आणि टाका घालायचा. पुढे वाट पाहायची. आंब्याचं कलम कधी धरतं, कधी वाळून जातं, तसंच इथेही. धरलं तर कधी दीड-दोन महिन्यांत, कधी चार-सहा महिन्यांनी कातडीखाली दाणा हाताला लागतो. मग दर आठवड्याला कॅलिपरने त्याची लांबी-रुंदी घ्यायची. पुरेशी वाढली की गाठ काढून तिचे तुकडे दुसऱ्या उंदरांत लावायचे आणि काही तुकडे लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवायचे. अशा दोन-तीन पिढ्या झाल्या की एकाच माणसाच्या गाठीचे इतके उंदीर हाती येतात, की एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन देऊन तुलना करता येते.

या खटाटोपाचा फायदा असा, की गाठ आपला स्वभाव बऱ्यापैकी टिकवून ठेवते. रुग्णाच्या स्लाइडमध्ये दिसलेले केरॅटिनचे गोळे उंदरातल्या गाठीतही दिसतात. जनुकांमधले मुख्य बदलही बरेचसे तसेच राहतात. प्लॅस्टिकच्या बशीत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींबद्दल हे म्हणता येत नाही.

उंदराचं शरीर माणसाची गाठ फेकून कसं देत नाही, हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत विचारतात. त्याचं उत्तर ग्लासगोपासून सुरू होतं. १९६२ साली तिथल्या एका प्रयोगशाळेत केस नसलेले उंदीर जन्माला आले. १९६८ मध्ये कळलं की त्यांना थायमस ग्रंथीच नाही, म्हणजे परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी तयारच होत नाहीत. १९६९ मध्ये कोपनहेगनमधल्या रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी माणसाच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर अशा उंदरात वाढवून दाखवला. आज आम्ही वापरतो ते एनएसजी जातीचे उंदीर त्याहून असहाय्य असतात. त्यांच्यात टी-पेशी, बी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी, प्रतिकार करणाऱ्या या तिन्ही पेशी नाहीत. गाळलेली हवा, निर्जंतुक केलेलं अन्न-पाणी आणि सतत लक्ष नसेल तर ते साध्या जंतूनेही मरतात. म्हणून हे काम महाग आहे, आणि म्हणूनच ते पाच ठिकाणी पाच वेळा करणं परवडणारं नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने औषधं तपासण्यासाठी बशीत वाढवलेल्या पेशींच्या ६० वाणांचा संच अनेक वर्षं वापरला. २०१६ मध्ये तिने जाहीर केलं, की आता भर रुग्णांच्या गाठींपासून थेट बनवलेल्या मॉडेल्सवर राहील. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथे त्यांची पेढी आहे आणि संशोधकांना तिथून गाठी मागवता येतात. युरोपात विद्यापीठं आणि कॅन्सर संस्थांनी मिळून युरोपीडीएक्स नावाचं जाळं विणलं आहे. मला मात्र घशाच्या खालच्या भागातल्या, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला दाद न देणाऱ्या चार-पाच भारतीय गाठी हव्या असतील, तर ओळखीपाळखीने फोन करावे लागतात. कुणाकडे गाठ असते पण रुग्णाची माहिती नसते. कुणाकडे माहिती असते, पण गाठ शेवटची कधी वितळवून पाहिली ते सांगता येत नाही.

मग फ्रेडरिकहूनच मागवा की, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. त्याचं उत्तर जरा तपशीलात देते, कारण माझ्या मागण्याचा सगळा भार त्यावर आहे.

आपला घशाचा कॅन्सर आणि त्यांचा घशाचा कॅन्सर नावाने सारखे असले तरी कारणाने वेगळे आहेत. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे होतात. हे रुग्ण उपचारांना चांगली साथ देतात. आपल्याकडे या विषाणूचा वाटा बराच कमी आहे. इथे बिडी, तंबाखू आणि दारू हे त्रिकूट मुख्य. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होतं, आणि त्यातही ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे, मळणारे, लावणारे कितीतरी जास्त होते. विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा, बायकांची मिश्री यांचे रासायनिक ओरखडे ज्या गाठींवर उमटलेले असतात, त्या मेरीलँडच्या फ्रीझरमध्ये कुठून येणार?

याची झलक आपण एकदा पाहिली आहे. गालाच्या आतल्या आणि हिरडीच्या कॅन्सरमधल्या जनुकीय बदलांचा नकाशा भारतीय शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पाचा भाग म्हणून काढला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्याणीची राष्ट्रीय बायोमेडिकल जीनोमिक्स संस्था आणि आपल्या खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र त्यात होतं. जगभर दिसणारी जनुकं त्यात दिसलीच, पण पूर्वी या कॅन्सरशी जोडली न गेलेली काही नवी जनुकंही वारंवार बदललेली आढळली. नकाशा तोंडाच्या कॅन्सरचा होता, घशाचा नव्हता, हे मान्य. पण इथल्या गाठी इथेच तपासल्या तर वेगळं काही सापडतं, एवढं त्याने दाखवून दिलं. त्या यादीत एचआरएएस नावाचं एक जनुकही होतं. ते बदललेल्या डोक्या-मानेच्या, म्हणजे तोंड-घसा धरून त्या भागातल्या, गाठी उंदरांत वाढवून टिपिफार्निब हे औषध दिल्यावर त्या आक्रसल्या. रुग्णांमध्येही २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा बदल ठळकपणे असलेल्या २० जणांपैकी ११ जणांची गाठ लक्षणीय लहान झाली. उंदरातल्या गाठीने दाखवलेली वाट माणसापर्यंत पोहोचल्याचं हे स्वच्छ उदाहरण आहे. मात्र नकाशात नाव सापडणं आणि त्या नावाची जिवंत गाठ औषध तपासायला हाताशी असणं यात मोठं अंतर आहे. आपल्याकडे ते अंतर भरून काढायला कुणी पैसे देत नाही.

आता एक गोष्ट ठणकावून सांगते, कारण माझ्याच क्षेत्रातले काही लोक ती सांगत नाहीत.

उंदरातली गाठ त्याच रुग्णाला वाचवण्यासाठी वापरता येईल, असं आश्वासन कुणालाही देऊ नये. ‘तुमच्या गाठीचा अवतार उंदरात करू, त्यावर सगळी औषधं तपासू, मग तुम्हाला नेमकं लागू पडणारं देऊ’ अशी भाषा मी एका खासगी माहितीपत्रकात वाचली आहे, आणि त्यासाठी शेत गहाण टाकायला निघालेलं एक कुटुंब पाहिलं आहे. साधा हिशोब मांडा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत, उलटलेल्या किंवा पसरलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ६.१ महिने होतं, आणि तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या गटात ७.५ महिने. उंदरात गाठ धरायला, वाढायला, पिढ्या व्हायला आणि औषध तपासायला सहा ते दहा महिने सहज जातात. त्यातही अनेक गाठी धरतच नाहीत. उत्तर येईल तेव्हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा राहिलेला नसेल. ही मॉडेल्स पुढच्या रुग्णांसाठी आहेत. संमती घेताना हेच वाक्य रुग्णाला तोंडावर सांगितलं पाहिजे. माझा अनुभव असा, की ते ऐकूनही बहुतेक लोक हो म्हणतात. एक बिडी कामगार आजी म्हणाल्या होत्या, ‘माझं राहू दे बाई, पण माझ्या नातवाला तरी हे भोगायला नको.’

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही, तो इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराबद्दल, काही सांगू शकत नाही. आणि आपल्या देशातल्या अलीकडच्या काळातल्या सगळ्यात आशादायक निष्कर्षांपैकी एक नेमका त्याच उपचारातला आहे. टाटा मेमोरियलच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला निव्होल्यूमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला. नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही तो कमी आहे. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. इतका कमी डोस कुणाला पुरतो आणि कुणाला पुरत नाही, हे मला माझ्या उंदरांत शोधता येणार नाही. माणसाच्या रक्तपेशी लावलेले ‘ह्युमनाइज्ड’ उंदीर असतात, पण ते फार महाग पडतात आणि त्यांचीही उत्तरं अर्धवटच असतात. म्हणजे पेढी झाली तरी काही प्रश्नांसाठी तिचं दार ठोठावायचं नाही, हेही आधीच लिहून ठेवावं लागेल.

आणखी दोन-तीन खाचखळगे आहेत. गाठीभोवतीची माणसाची ऊती काही पिढ्यांत उंदराच्या ऊतीने बदलली जाते, त्यामुळे भोवतालच्या पेशींवर काम करणारी औषधं फसवं उत्तर देतात. धरतात त्या गाठी बहुधा जास्त आक्रमक असतात. विषाणूमुळे झालेल्या, उपचारांना साथ देणाऱ्या गाठी कमी धरतात. म्हणजे पेढीतला संग्रह वॉर्डातल्या रुग्णांचं जसंच्या तसं प्रतिबिंब नसतो. आणि कधी कधी उंदरात वाढलेली गाठ घशाच्या कॅन्सरची नसतेच. रुग्णाच्या तुकड्यात लपलेल्या बी-पेशी एपस्टाइन-बार विषाणूच्या जोरावर वाढतात आणि लिम्फोमा, म्हणजे या पेशींचाच वेगळा कॅन्सर, तयार होतो. वेळीच स्लाइड पाहिली नाही, तर माणसं महिनोन्‌महिने भलत्याच आजारावर औषधं तपासत बसतात. दर काही पिढ्यांनी डीएनएचा ठसा रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहणं आणि पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड तपासून घेणं हे म्हणून ऐच्छिक ठेवू नका.

हे सगळं माहीत असूनही मी पेढी मागते आहे. कारण काही प्रश्न असे आहेत, की ते तपासायला याहून चांगलं साधन अजून तरी माझ्या हातात नाही, आणि ते प्रश्न कुठलीही कंपनी तपासणार नाही.

स्वरयंत्राचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. स्वरयंत्र काढून टाकण्याऐवजी आधी केमो आणि मग रेडिएशन दिलं, तर जगण्याची शक्यता कमी न होता सुमारे ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. तेव्हापासून प्रत्येक ट्यूमर बोर्डात, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, एकच पेच असतो : समोरच्या माणसाची गाठ केमो-रेडिएशनला विरघळेल, की सहा महिने वाया जाऊन शेवटी स्वरयंत्र काढावंच लागेल? वॉर्डात लोक रेडिएशनला ‘लाइट’ म्हणतात. ‘लाइटनं आवाज राहील का?’ हा प्रश्न शिक्षक, भाजीवाला, कीर्तनकार सगळे विचारतात. आज त्याचं उत्तर गाठीच्या आकारावरून, कूर्चेत ती शिरली आहे का यावरून आणि सर्जनच्या अनुभवावरून दिलं जातं. पन्नास-साठ भारतीय गाठी उंदरांत वाढवून त्यांना लहान प्राण्यांच्या यंत्रावर रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन द्यायचं. ज्या विरघळल्या आणि ज्या उभ्याच्या उभ्या राहिल्या, त्यांच्यातला फरक शोधायचा, आणि तो फरक रुग्णांच्या जुन्या बायोप्सींमध्ये पडताळून पाहायचा. हा पाच-सात वर्षांचा कार्यक्रम आहे. यातून नवं पेटंट निघणार नाही. निघाली तर एक साधी तपासणी निघेल, जी सोलापूरच्या सरकारी रुग्णालयातही करता येईल.

किंवा स्वस्त औषधं घ्या. किडनी किंवा कान कमजोर असल्यामुळे ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही, अशा ३५६ रुग्णांच्या चाचणीत रेडिएशनबरोबर आठवड्याला थोडं डॉसिटॅक्सेल हे केमोचं औषध दिल्यावर दोन वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ३०.३ वरून ४२ टक्के झालं. हेही मुंबईतलंच काम. डॉसिटॅक्सेलचं पेटंट कधीच संपलं आहे. त्याच्यावर खर्च करून कुणाचा नफा वाढणार नाही. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, मेटफॉर्मिन अशा जुन्या, स्वस्त औषधांची रेडिएशनशी जोडी कुठे जमते, कुठे घातक ठरते, हे आधी गाठींवर पाहिलं तर माणसांवरच्या चाचण्या नेमक्या ठिकाणी लावता येतील. आपल्या डॉक्टरांनी गेल्या दशकात गरीब रुग्णाला परवडेल असं संशोधन करून जगाला दाखवलं आहे. त्यांच्या पाठीशी तितकीच खंबीर प्रयोगशाळा उभी नाही. माझी खंत ही आहे.

आणि ती उभी का राहत नाही? इथे मला तुमच्या निधीच्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे.

प्रकल्प तीन वर्षांचा असतो. पहिलं वर्ष मंजुरी, एथिक्स कमिटी, उंदीर आणणं आणि माणसं नेमणं यात जातं. दुसऱ्या वर्षी गाठी धरायला लागतात. तिसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने प्रयोगाची वेळ येते, तेव्हा मुदत संपते, रिसर्च फेलो दुसरीकडे जातो आणि पिंजऱ्यांचा रोजचा खर्च कुणी करायचा यावर फाइल फिरू लागते. एका संस्थेत मी पाहिलं आहे : गोठवलेल्या गाठींचा डबा नायट्रोजन वेळेवर न भरल्यामुळे निकामी झाला. प्रकल्प बंद झाला होता आणि नायट्रोजनच्या बिलाला लेखाशीर्ष उरलं नव्हतं. त्या डब्यात कित्येक माणसांनी दिलेलं दान होतं. त्यांच्यातल्या काहींची नावं मला आजही आठवतात. त्यांच्या घरच्यांना कुणी कळवलं नाही. कळवण्याची पद्धतच नव्हती.

अशा नुकसानाला कुणी एक माणूस जबाबदार नसतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा होतं. पेढीला प्रकल्प समजू नका. रक्तपेढी तीन वर्षांच्या अनुदानावर चालवायची कल्पना कुणाला सुचणार नाही. गाठींच्या पेढीला कायम तंत्रज्ञ हवेत, पशुवैद्य हवा, प्रत्येक गाठीची दुसरी प्रत वेगळ्या शहरातल्या फ्रीझरमध्ये हवी, आणि बंद करायची वेळ आलीच तर गाठी कुणाकडे जातील याचा आधी केलेला करार हवा. यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. तुकडा घेण्याची, तो बर्फावर पाठवण्याची आणि माहिती भरण्याची एकच रीत ग्रिडने ठरवली, तर चार-पाच चांगली अ‍ॅनिमल हाउसेस देशाला पुरतील.

माहितीच्या रकान्यांबद्दल माझा विशेष आग्रह आहे. गाठीबरोबर नुसतं ‘तंबाखू : होय’ असं लिहून येतं. बिडी किती वर्षं, मिश्री की मावा, सुपारीसकट की नुसता, दारू कोणती, स्वयंपाक चुलीवर होता का, आधी केमो झाली होती का, पॅपिलोमा विषाणूचा माग देणारी पी-१६ची तपासणी केली का, आणि पुढे त्या माणसाचं काय झालं, हे सगळं नसेल तर ती गाठ अर्धी मुकी आहे. हे विचारायला वॉर्डात बसून बोलणारं, रुग्णाची भाषा येणारं माणूस लागतं. त्याचा पगार मंजूर करताना ‘हे संशोधनाचं काम नाही’ असा शेरा मारू नका.

संमतीचंही तेच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वीस कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद असतो, बहुधा इंग्रजीत, आणि खाली अंगठा. २०१७ च्या तुमच्याच राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साठवलेल्या ऊतींच्या संमतीबद्दल पुरेसं लिहिलेलं आहे. प्रश्न ते वॉर्डापर्यंत येण्याचा आहे. घशाच्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. स्वरयंत्र काढल्यावर तो माणूस लगेच बोलू शकणार नाही. त्याला जे विचारायचं आहे ते आधीच विचारून घेऊ द्या. त्याच्या गाठीचे तुकडे प्राण्याच्या शरीरात वर्षानुवर्षं वाढत राहतील, ते परदेशी जाऊ शकतात, एखादी कंपनी ते वापरू शकते, हे त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. फक्त मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू येऊन चालणार नाही, भोजपुरी आणि बंगालीतही सांगणारं कुणीतरी हवं, कारण परळला टाटा रुग्णालयाच्या रांगेत ती भाषा बोलणारी माणसं उभी असतात. काहींना उंदराची कल्पनाच नको वाटेल. त्यांना नको म्हणण्याचा हक्क आहे आणि नको म्हटल्यावर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हेही स्पष्ट सांगा. नंतर मन बदललं तर गाठ परत घेण्याची सोय ठेवा.

उंदरांबद्दल मी शेवटी लिहिते आहे, पण तो विषय मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा, प्रयोगांचे नियम १९९८ चे. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असते. २०२३ मध्ये आपल्या औषध-चाचणी नियमांत बदल होऊन ऑर्गनॉइड (बशीत वाढवलेली अवयवाची किंवा गाठीची छोटी प्रतिकृती), चिपवरचे अवयव अशा प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा मिळाली, अमेरिकेने त्याच्या आदल्या डिसेंबरात तसाच कायदा केला. मला या बदलांचा आनंद आहे. रुग्णाच्या गाठीचे ऑर्गनॉइड बशीत काही आठवड्यांत तयार होतात. वीस औषधांची पहिली चाळणी तिथे लावावी आणि उरलेल्या दोन-तीन औषधांसाठीच उंदीर वापरावेत, अशी अट तुम्ही घालावी. शरीरभर औषध पसरतं, यकृतात तुटतं, वजन घटवतं, रेडिएशननंतर गाठ महिन्याभराने पुन्हा डोकं काढते, हे बशीत दिसत नाही; तेवढ्यासाठी आज तरी उंदीर लागतो.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेलं तत्त्व आम्ही सगळे पाठ म्हणतो : पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. पण संख्या खरोखर घटवायची तर फसलेले प्रयोग जगासमोर आले पाहिजेत. एखादं औषध एका प्रयोगशाळेत चाळीस उंदरांवर निष्प्रभ ठरतं, ते कुठे छापून येत नाही, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात आणखी चाळीस उंदीर त्याच प्रश्नासाठी मरतात. पेढीतली गाठ मागणाऱ्या प्रत्येकाने प्रयोग सुरू होण्याआधी त्याची नोंद करावी आणि निकाल काहीही लागो, ठरलेल्या मुदतीत तो खुला करावा. फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर अशा मॉडेल्सची किमान कोणती माहिती द्यायची, याचा नमुनाही २०१७ पासून तयार आहे. जो निकाल देणार नाही त्याला पुढची गाठ मिळू नये, इतका साधा नियम पुरे. माझ्यासारख्या संशोधकांना तो जाचक वाटेल. वाटू द्या.

पैशाबद्दल शेवटचं. ही पेढी कंपन्यांनाही वापरता यावी, त्यांनी पूर्ण दर द्यावा, आणि त्या पैशातून सरकारी रुग्णालयांतल्या संशोधकांना गाठी नाममात्र दरात मिळाव्यात. पण कोणत्या गाठीवर आधी काम होईल हा क्रम कंपनीने ठरवू नये. तो ठरवणाऱ्या समितीत सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर यांच्याबरोबर स्वरयंत्र गमावलेल्या रुग्णांपैकी किमान दोघे असावेत. त्यांच्यातले बरेच जण कृत्रिम व्हॉल्व्हने उत्तम बोलतात. बंगळुरूच्या एका सर्जनने अवघ्या पन्नासेक रुपयांत पडेल असा व्हॉल्व्ह तयार केला आहे. समितीच्या खोलीत त्यांचं बोलणं ऐकू येण्यात काही अडचण येणार नाही.

सुरुवात लहान करता येईल. संमतीचा एकच नमुना दहा भाषांत तयार करा आणि ग्रिडच्या केंद्रांना पाठवा. देशात आज कुठल्या फ्रीझरमध्ये घशाच्या किती जिवंत गाठी आहेत, त्यांच्याबरोबर कोणती माहिती आहे, याची यादी मागवा आणि ती सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवा. या दोन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. यादी करायला माणसं कमी पडली तर मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण सुट्टीच्या दिवशी येऊन बसायला तयार आहोत. तुमच्या तिन्ही कार्यालयांपैकी हे काम कोण हाती घेणार, एवढं लेखी कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
कर्करोग संशोधक, नवी मुंबई